केंटकीच्या मागे कसं जायचं? अमेरिकेच्या सीमेवरच्या जुन्या घराण्यांचा माग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सुनेच्या माहेरचं घराणं केंटकीतलं. 1850 च्या जनगणनेत तिचा एक पूर्वज सापडतो: वय 63, धंदा शेती, जन्म व्हर्जिनिया. बायकोचा जन्म नॉर्थ कॅरोलायना. थोरला मुलगा 1812 च्या सुमारास टेनेसीत जन्मलेला, धाकटी सगळी केंटकीतली. त्याच्या मागे काही केल्या जाता येत नाही. घरात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: आयर्लंडहून तीन भाऊ आले, एक खापरपणजी चेरोकी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात) होती, आणि आडनाव एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी-ठाण्यावर, कारकुनाने बदललं. नातवाच्या शाळेसाठी सुरू केलेला वंशवृक्ष आता तुमचाच छंद झाला आहे, हेही तुम्ही लिहिलंय. त्याचं नवल नाही, या कामाची चटक लागते.

तिसरी गोष्ट आजच खोडून टाका. एलिस आयलंडचं ठाणं 1892 साली उघडलं आणि तुमचा माणूस 1812 ला टेनेसीत मूल खेळवत होता. शिवाय तिथले कारकून जहाजाच्या यादीवरून नाव ताडून बघायचे, नवी नावं ठेवत बसायचे नाहीत. तीन भावांची गोष्ट मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. कधी ती खरीही असते, पण पुरावा म्हणून तिची किंमत शून्य. चेरोकी पणजीकडे मी शेवटी येतो.

आधी ‘जन्म व्हर्जिनिया’ हे दोन शब्द नीट बघू. 1850 ला 63 म्हणजे जन्म साधारण 1787 चा. त्या साली केंटकी नावाचं राज्यच नव्हतं. तो सगळा मुलूख व्हर्जिनियाचा होता आणि 1 जून 1792 ला वेगळा झाला. आजचं वेस्ट व्हर्जिनियाही 1863 पर्यंत व्हर्जिनियातच होतं. म्हणजे तुमचा माणूस चेसापीकच्या खाडीकाठी जन्मला असेल, डोंगरापलीकडच्या शेनन्डोआ खोऱ्यात जन्मला असेल, किंवा ज्या केंटकीत तो म्हातारा झाला तिथेच जन्मला असेल. तिन्ही वेळा गणनेचा माणूस ‘व्हर्जिनिया’ लिहू शकतो. यातलं काय, हे ठरवायला त्याच्या मुलांना विचारा. 1880 च्या जनगणनेत प्रथमच प्रत्येकाच्या आईबापाचा जन्म कुठला हे लिहिलं गेलं. तोपर्यंत हयात असलेली सगळी भावंडं शोधा, फक्त तुमच्या सुनेचा थेट पूर्वज नको. पाच भावंडांपैकी चार ‘व्हर्जिनिया’ आणि एक ‘केंटकी’ म्हणत असेल, तर त्या एकाला खोटं पाडण्याआधी थांबा.

1850 च्या मागे भिंत का लागते, तर 1790 पासून 1840 पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसते आकडे. आणि तुमच्या वाटेवरची नेमकी तीच पानं गेलेली आहेत. व्हर्जिनिया आणि केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या याद्या जवळजवळ नाहीतच. टेनेसीच्याही त्या दोन नाहीत, 1810 च्या एखाद-दुसऱ्या काउंटीपुरत्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उरल्यात, आणि 1820 च्या पूर्व टेनेसीच्या गहाळ. तुमचा माणूस जन्मला, वाढला, लग्न केलं, हा सगळा काळ जनगणनेत कोरा आहे. नेमकं इथेच लोक कंटाळतात आणि इंटरनेटवरचा कुणाचा तरी तयार वंशवृक्ष उचलून आपल्याला जोडतात. त्या झाडाला खाली कागद कुठला, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘दुसरं झाड’ असं असतं.

माझं सांगणं एवढंच आहे की या माणसाचा बाप शोधणं तूर्त बंद करा आणि त्याची वस्ती शोधा. तो कुठून आला यापेक्षा कोणाबरोबर आला हा प्रश्न सुटायला सोपा असतो. सीमेवर, म्हणजे नव्याने वस्ती होत असलेल्या मुलखात, एकटं कुटुंब क्वचित जायचं. व्हर्जिनियाकडून डोंगर ओलांडून केंटकीत नेणाऱ्या कंबरलँड खिंडीतून जाणारी वाट धोक्याची होती. शॉनी आणि चेरोकी या मूळच्या जमाती आपल्या मुलखात घुसणाऱ्यांशी लढत होते आणि पलीकडे गेल्यावर लाकडी कोटात दाटीवाटीने राहावं लागायचं. मग भाऊ, मेहुणे, व्याही, चर्चचे लोक अशी टोळी निघायची. 1781 मध्ये व्हर्जिनियाच्या स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीतून लुईस क्रेग नावाच्या बॅप्टिस्ट पाद्र्याबरोबर अख्खी मंडळी केंटकीला गेली, काहीशे माणसं. अशा टोळीतला तुमचा माणूस कागदावर कुठेच दिसत नसेल, पण त्याचा मेहुणा दिसेल, आणि मेहुण्याची खरेदीखतं त्याला घेऊन येतील.

काम कसं करायचं ते सांगतो. 1850 चं ते पान पुन्हा उघडा आणि आधीची-नंतरची दहा-बारा घरं लिहून काढा. वयाने साठीच्या पुढचे, व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले, टेनेसीत मुलं झालेले कोण आहेत? मुलामुलींची लग्नं कोणत्या आडनावांत झाली? खरेदीखतांवर साक्षीदार कोण? मृत्यूनंतर मालमत्तेची किंमत ठरवायला कोर्टाने नेमलेले तिघे कोण? अशी आठ-दहा आडनावं निघतात. त्यातली सामान्य नावं बाजूला ठेवा. स्मिथ आणि जॉन्सन यांच्या मागे लागून कोणाचं भलं झालेलं नाही. उरलेली विरळ चार-पाच आडनावं व्हर्जिनियाच्या एकाच काउंटीत, एकाच ओढ्याकाठी, 1790 च्या सुमारास एकत्र दिसली, तर तुमचा माणूस तिथला असण्याची शक्यता मोठी.

ती एकत्र दिसणार कुठे? कराच्या याद्यांत. व्हर्जिनियाने 1782 पासून दरसाल दोन याद्या केल्या, एक जमिनीच्या कराची आणि एक जंगम मालमत्तेची. दुसरीत घरातले सोळावर्षांवरचे पुरुष, गुलाम, घोडे, गुरं यांची मोजदाद असायची. जनगणना दहा वर्षांतून एकदा, ही यादी वर्षाकाठी. त्यामुळे माणूस कोणत्या साली आला, कोणत्या साली गेला हे तिच्यात दिसतं. तरुण मुलगा एकविसाचा झाला की स्वतःच्या नावाने उगवतो. बाप मेला की विधवेचं नाव येतं. दोन कुटुंबं एकाच वर्षी गायब झाली की कान टवकारायचे. अनेक याद्यांत नावं आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली असल्याने शेजार हरवतो, पण कर घेणाऱ्याने कोणत्या तारखेला कोणाकडे हिशेब घेतला ती तारीख शेजारी असते. एकाच तारखेची नावं एकत्र लिहून काढा, वस्ती पुन्हा उभी राहते. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. 1808 साली व्हर्जिनियात कर बसवलाच गेला नाही, त्यामुळे त्या वर्षीच्या याद्या नाहीत. ‘1808 ला घराणं निघून गेलं’ असं छातीठोक लिहिलेलं दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्याने पुढचं साल उघडलेलं नाही.

केंटकीच्या कर-याद्यांत आणखी एक मौज आहे. जमीन कोणत्या ओढ्यावर आहे आणि ती मुळात कोणाच्या नावावर नोंदली, मोजली आणि मंजूर झाली, याचे वेगळे रकाने असतात. ओढ्याचं नाव हाच तिथला पत्ता. गावाचं नाव शोधत बसू नका, गावं नव्हतीच.

आता एक खरं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि तुमच्या घराण्याच्या वाटेवरच आहे: अब्राहम लिंकन.

1859 साली लिंकनने एका ओळखीच्या गृहस्थाला आपली माहिती लिहून दिली. त्यात तो म्हणतो की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून 1781-82 च्या सुमारास केंटकीला आले, त्यांच्या आधीचे पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आले, ते क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होते. त्याच्या मागे त्याला माहीत नाही. न्यू इंग्लंडमधल्या लिंकन घराण्याशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण हाती काय लागलं, तर दोन्हीकडे मॉर्डेकाय, लेवी, ईनॉक, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावं. एवढ्यावर नातं मानायला तो तयार नाही. वकिलाचं डोकं! नावांचं साम्य हा इशारा असतो, पुरावा नसतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. पुढे संशोधकांनी कागद लावून दाखवलं की नातं खरंच होतं: सॅम्युएल लिंकन 1637 साली इंग्लंडच्या नॉरफकमधल्या हिंगमहून मॅसॅच्युसेट्सला आला, त्याचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात गेला, आणि त्याचा मुलगा जॉन 1768 मध्ये शेनन्डोआ खोऱ्यात लिनव्हिल क्रीकवर उतरला. तो राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा.

यातली वस्तीची गंमत बघा. बर्क्स काउंटीत लिंकनांचे शेजारी होते बून. सीमेवरचा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून 1734 मध्ये तिथेच जन्मला. जॉन लिंकनच्या सावत्र भावाने डॅनियलच्या चुलतबहिणीशी लग्न केलं होतं. बून मंडळी 1750 मध्ये, पुढे लिंकनही गेले त्याच मोठ्या बैलगाडीच्या रस्त्याने दक्षिणेला निघाली, शेनन्डोआ खोऱ्यातून नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी गेली. 1775 मध्ये डॅनियलने कंबरलँड खिंडीतून केंटकीची वाट पाडली, आणि काही वर्षांतच कॅप्टन अब्राहम लिंकन, राष्ट्राध्यक्षाचा आजोबा, केंटकीत जमीन घेत होता. म्हणजे दोन घराणी, तीन राज्यं आणि वाट तीच. लिंकनच्या बाजूचे कागद संपले तरी बूनच्या बाजूचे पुढे नेतात.

1785 साली कॅप्टन अब्राहमच्या चारशे एकरांची जेफरसन काउंटीत लाँग रन ओढ्याकाठी मोजणी झाली. मोजणीच्या कागदावर त्याचं नाव आहे ‘लिंकहॉर्न’. आणि साखळी धरणाऱ्यांची नावं? अनानाया लिंकन, जोसाया लिंकन. जोसाया त्याचा मुलगा, तेव्हा पोरगेलासा. सरकारी मोजणीदार एकटा यायचा, साखळी ओढायला आणि झाडांवर खुणा करायला माणसं जमीनमालकच द्यायचा, म्हणजे मुलगा, पुतण्या, मेहुणा, शेजारी. लोक मोजणीचा नकाशा बघतात, एकर लिहून घेतात आणि खालची ती बारीक ओळ वगळतात. सीमेवरच्या कागदांत नातेवाईक सापडायची ती हमखास जागा आहे. स्पेलिंगबद्दलही यातून धडा घ्या. एकाच घरातली माणसं एकाच कागदावर दोन आडनावांनी आली आहेत. तुमच्या सुनेच्या आडनावाचे उच्चार मोठ्याने करून बघा आणि कानाला लागतील ती सगळी रूपं शोधा.

मे 1786 मध्ये कॅप्टन अब्राहम शेतात मारला गेला. मृत्युपत्र नव्हतं. व्हर्जिनियाचा जुना कायदा थोरल्याला सगळी जमीन द्यायचा. तो रद्द करणारा कायदा मंजूर झालेला होता, पण अंमल 1 जानेवारी 1787 पासून. म्हणजे बाप जेमतेम आठ महिने आधी गेला आणि जमीन थोरल्या मुलाला मिळाली (त्याचंही नाव मॉर्डेकाय). धाकटा थॉमस, राष्ट्राध्यक्षाचा बाप, भूमिहीन राहिला आणि मजुरी करत हिंडला. घराणी का हलली याचं उत्तर पुष्कळदा असं वारसाहक्काच्या कायद्यात दडलेलं असतं. तुमच्या माणसाचा बाप 1787 च्या आधी गेला की नंतर, यावर त्याला वाटा मिळाला का हे ठरतं, आणि वाटा मिळाला असेल तर तो विकल्याचा कागद असायलाच हवा.

थॉमसचं लग्न 1806 मध्ये झालं. लिंकनच्या हयातीत त्या लग्नाची नोंद सापडली नाही, कारण शोध हार्डिन काउंटीत चालला होता. नोंद होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, जिथे वधू नॅन्सी हँक्स राहत होती. लग्न वधूच्या काउंटीत लागायचं, एवढी साधी गोष्ट. तिथे वराने आणि एका जामिनाने पन्नास पौंडांचा मुचलका लिहून द्यायचा, की या लग्नाला कायदेशीर अडचण नाही. थॉमसच्या मुचलक्यावर दुसरी सही रिचर्ड बेरीची. जामीन बहुधा वधूचा बाप, भाऊ किंवा पालक. त्यामुळे तुम्हाला टेनेसीत लग्नाचा मुचलका मिळाला, तर नवऱ्याच्या सहीपेक्षा दुसऱ्या सहीकडे आधी बघा.

काउंट्यांचा आणखी एक घोळ आहे. लिंकन जन्मला 1809 मध्ये हार्डिन काउंटीत, आज ती जागा लारू काउंटीत येते, कारण ती 1843 मध्ये तोडून वेगळी केली. घर हललं नाही, काउंटी हलली. 1776 मध्ये आजचं केंटकी म्हणजे व्हर्जिनियाची एक केंटकी काउंटी होती, 1780 मध्ये तिच्या तीन झाल्या: फेयेट, जेफरसन, लिंकन. पुढे त्यांची शंभरावर शकलं झाली. जुने कागद मूळ काउंटीच्या कोर्टातच राहतात. म्हणून कोणताही कागद शोधण्याआधी त्या सालचा हद्दींचा नकाशा बघायचा. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या जुन्या हद्दींचे नकाशे तारखेनिशी मोफत उपलब्ध केले आहेत.

जमिनीच्या कागदांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा. अमेरिकेत मोजणीच्या दोन पद्धती आहेत. ओहायोपासून पश्चिमेकडच्या संघराज्याच्या जमिनी 1785 च्या कायद्याने चौकोनी पाडल्या: सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे 36 भाग, प्रत्येकी 640 एकर. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसीत तसं नव्हतं. तिथे चतुःसीमा लिहायची, ती अशी: अमक्याच्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या ओकपासून सुरू करून उत्तर 40 अंश पूर्वेला 120 पोल, ओढ्याकाठच्या दोन हिकरीच्या झाडांपर्यंत, तिथून तमक्याच्या हद्दीने… पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपल्याकडचा गुंठा 33 फूट बाजूचा, म्हणजे बरोबर चार चौरस पोल. साखळीचं गणित इंग्रजांनी दोन्हीकडे नेलं, त्यामुळे मराठी माणसाला हे आकडे पटकन उमगतात. चतुःसीमा आलेखाच्या कागदावर काढा, शेजाऱ्यांच्याही काढा, आणि कडा जुळवून बसवा. आठ-दहा तुकडे बसले की कोण कोणाच्या बांधाला होतं हे डोळ्यांसमोर येतं. एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. कागदात नावापुढे ‘सीनियर’-‘ज्युनियर’ असेल तर बापलेक समजू नका. त्या काळी त्याचा अर्थ थोरला आणि धाकटा एवढाच, ते काका-पुतणेही असतील, एकमेकांचे कोणी नसतीलही.

केंटकीत जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या: हक्काचा वॉरंट, जागेची नोंद, मोजणी, आणि शेवटी सनद. 1779 च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने, 1778 च्या आधी येऊन वस्ती केलेल्याला 400 एकर आणि लगतच्या 1000 एकरांवर खरेदीचा पहिला हक्क मिळे. प्रत्येक पायरीचा वेगळा कागद, आणि माणूस मधल्या पायरीवर हक्क विकून मोकळा होऊ शके. मोजणीवर कोणाचं बंधन नसल्याने एकावर एक दावे चढले आणि कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले. स्वतः बूनच्या हातून जमिनी गेल्या आणि 1799 मध्ये तो मिसुरीकडे निघाला, तेव्हा तो मुलूख स्पेनचा होता. थॉमस लिंकनने 1816 मध्ये इंडियाना गाठलं, त्याचं मुख्य कारण जमिनीचे हेच घोळ, आणि काही अंशी गुलामगिरी, असं मुलाने लिहून ठेवलंय. वंशावळ काढणाऱ्याला मात्र कज्जे म्हणजे पर्वणी. कोर्टात म्हाताऱ्यांच्या जबान्या व्हायच्या: मी अमक्या साली, अमक्याबरोबर, अमक्या ठिकाणाहून आलो, तेव्हा या ओढ्यावर तमका राहत होता. असं सरळ वाक्य जन्मदाखल्यातही मिळत नाही.

सगळ्यात मोलाचा कागद बहुतेकांना सुचतच नाही. माणूस नव्या ठिकाणी गेला आणि दहा-पंधरा वर्षांनी मागे बाप वारला. वाटा विकायला हा परत जात नाही, मुखत्यारपत्र करतो: मी, टेनेसीच्या अमक्या काउंटीचा रहिवासी, व्हर्जिनियाच्या अमक्या काउंटीतल्या अमक्याचा एक वारस… जुनं ठिकाण आणि नवं ठिकाण एकाच वाक्यात. हा कागद मागच्या काउंटीत नोंदलेला असतो, आणि माणूस निघून गेल्यावरच्या सालांत कोणी बघत नाही म्हणून सापडत नाही. फॅमिलीसर्चच्या मोफत संकेतस्थळावर आता हस्तलिखित खतांच्या मजकुरात शब्द टाकून शोधता येतं. आडनाव आणि ‘वारस’ किंवा ‘मुखत्यार’ यांचे इंग्रजी शब्द टाकून केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया तिन्हीकडे शोधा. यंत्राने अक्षर चुकीचं लावलेलं असतं, म्हणून शेजाऱ्यांच्या आडनावांनीही शोधा.

बायकांची माहेरची आडनावंही खतांतूनच निघतात. जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचे की तिच्या हक्कावर तिने राजीखुशीने पाणी सोडलं का, आणि ते लिहून ठेवायचे. एखाद्या खतात विकणाऱ्यांत सहा वेगवेगळ्या आडनावांचे पुरुष बायकांसह दिसले, तर त्या सहा बहिणी असण्याचा संभव मोठा.

तुमच्या माणसाचं वय 1812 मध्ये 25, राहणं टेनेसीत. त्या वर्षी इंग्रजांशी युद्ध सुरू झालं आणि टेनेसीने भरपूर माणसं दिली. 1855 च्या कायद्याने 14 दिवसांच्या चाकरीवरही 160 एकरांचा हक्क मिळत होता. 1871 मध्ये पेन्शन सुरू झालं, त्यात फेब्रुवारी 1815 च्या आधी लग्न झालेल्या विधवाही होत्या. थोरला मुलगा 1812 चा, म्हणजे बायको या अटीत बसते. ती तेव्हा हयात असेल तर तिच्या अर्जात लग्नाची तारीख, ठिकाण आणि तिचं माहेरचं आडनाव मिळू शकतं. या फायली मोफत बघता येतात. आणि याचा बाप स्वातंत्र्ययुद्धात लढलेला असेल, तर 1832 च्या पेन्शन कायद्याखालचा अर्ज म्हणजे आत्मचरित्रच. कोर्ट ठरलेले प्रश्न विचारायचं: जन्म कुठे आणि कधी, वयाचा पुरावा काय, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. विधवांच्या फायलींत तर घरच्या बायबलची मुलांच्या जन्मतारखांची पानं फाडून जोडलेली आढळतात. मात्र सैनिकाला जमीन मिळाली म्हणजे तो तिथे गेला असं धरू नका. बहुतेकांनी तो कागद दलालाला विकला.

धर्म कोणता होता हे कळलं तर बघा. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांच्या जवळपास जाणारं तिथे काही असेल, तर ती क्वेकरांची दप्तरं. एका सभेतून (म्हणजे पंथाच्या स्थानिक मंडळीतून) दुसरीकडे जाताना दाखला न्यावा लागे आणि दोन्हीकडे नोंद होई. डॅनियलच्या बापाला, स्क्वायर बूनला, मुलांची लग्नं पंथाबाहेर केल्याबद्दल 1748 मध्ये सभेने काढून टाकलं, तेही दप्तरात आहे, आणि दोन वर्षांत घराणं हललं. बॅप्टिस्टांचे दाखले असत, पण दप्तरं विस्कळीत.

आता चेरोकी पणजी. असं खरोखर घडलेली घरं आहेत. पण केंटकी-टेनेसीत ही कथा इतकी पसरलेली आहे की मी ती उलट बाजूने तपासतो. चेरोकींच्या याद्या भरपूर आहेत, विशेषतः 1898 पासून अमेरिकन सरकारने केलेल्या डॉज याद्या (Dawes Rolls) आणि 1906 नंतरचे पूर्व चेरोकींचे भरपाईच्या पैशासाठीचे अर्ज. त्या अर्जांत हजारो गोऱ्या घरांनी दावे केले आणि फेटाळले गेले. तुमच्या घराण्याचा फेटाळलेला अर्ज मिळाला तरी सोनं, कारण त्यात तीन पिढ्यांची नावं लिहिलेली असतात.

आणखी एक गोष्ट नातवाला सांगाच. 1790 मध्ये केंटकीची लोकसंख्या 73,677 होती आणि त्यातले 12,430 गुलाम. वाट पाडणाऱ्यांबरोबर तेही त्याच खिंडीतून आले, मनाविरुद्ध. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, खाली बिननावाची वयं. त्यांची नावं मृत्युपत्रांत, मालमत्तेच्या यादीत गुराढोरांशेजारी, किंमतीसकट सापडतात. तुमच्या घराण्याच्या कागदांत अशी नावं दिसली तर उतरवून ठेवा आणि खुली करा. त्यांच्या वंशजांना गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या, 1870 च्या जनगणनेच्या मागे जायला बहुधा तेवढाच धागा असतो.

डीएनएबद्दल विचारलंत. सुनेने साधी चाचणी केली तर चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत ती चांगली चालते. 1787 चा माणूस तिच्यापासून सहा-सात पिढ्या लांब असेल, तिथे जुळणी फुटकळ होते. सुनेच्या आजीची किंवा आजोबांच्या बहिणीची चाचणी आधी करा, एक-दोन पिढ्या वाचतात. आडनाव चालवणारा पुरुष नातेवाईक मिळाला तर त्याची वाय गुणसूत्राची चाचणी करून त्या आडनावाच्या प्रकल्पात (त्याच आडनावाच्या लोकांच्या चाचण्या एकत्र ताडून बघतात तिथे) टाका. व्हर्जिनियातल्या तीन घराण्यांपैकी आपलं कोणतं, हे ती कधी कधी एका फटक्यात सांगते. शिवाय लाळेची नळी कोणालाही भेट देण्याआधी, त्यातून घरातली लपलेली नातीही बाहेर येतात हे त्यांना सांगून ठेवा.

आयर्लंडकडे इतक्यात वळू नका. 1727 पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मनांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे म्हणून त्यांच्या याद्या आहेत. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टरहून आलेले राजाचेच प्रजाजन, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. अमेरिकन सरकारच्या प्रवासी-याद्या 1820 पासूनच्या. तिकडे डब्लिनमध्ये 1922 च्या आगीत आयर्लंडची बरीचशी जुनी दप्तरं गेली. व्हर्जिनियातली काउंटी पक्की झाल्याशिवाय समुद्र ओलांडला तर एकाच नावाचे चाळीसेक जण समोर येतील आणि त्यातला आपला कोण ते सांगता येणार नाही.

काउंटीचे कागद जळालेले असले तरी हात टेकू नका. 1865 मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस, व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड जळाली तेव्हा सुरक्षित राहावीत म्हणून तिथे पाठवलेली अनेक काउंट्यांची दप्तरं खाक झाली, पण कराच्या याद्यांची एक प्रत राज्याकडे जायची, ती आहे. जमिनीच्या सनदाही राज्याकडेच.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा 1850 चं ते पान, मागचं-पुढचं एकेक पान, मुलांची लग्नं झाली ती आडनावं, आणि 1820 व 1830 च्या जनगणनेत तुमच्या माणसाच्या घरात कोणत्या वयाची किती माणसं दाखवली आहेत ते आकडे पाठवा. त्या आकड्यांत घरात एखादी म्हातारी बाई दिसत असेल तर तिच्यापासून सुरुवात करू, ती त्याची किंवा बायकोची आई असू शकते, आणि विधवेचा वाटा कुठल्या तरी कोर्टाने मोजून दिलेला असतो.